धावपटूंच्या दुखापती आणि अंगावर वागवण्याची उपकरणे

नियमित धावणाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींपैकी बहुतेक दुखापती पडल्याने अथवा पाय मुरगळल्याने होत नाहीत. एकाच हाडावर, कंडरेवर किंवा स्नायूवर हजारो वेळा भार पडत राहतो आणि झालेली झीज भरून येण्यापूर्वीच पुढचा भार येतो, हे त्यांचे मूळ कारण असते. गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना, नडगीच्या हाडाला जाणारा बारीक तडा, टाचेमागील कंडरेचा दाह आणि तळपायाचे दुखणे हे या दुखापतींचे नेहमीचे प्रकार आहेत. हा भार वेळीच मोजला तर दुखापत टाळता येईल, अशी अपेक्षा धावपटूंसाठीच्या उपकरणांच्या जाहिरातींतून सतत व्यक्त होत असते. संशोधनाने मात्र ती अंशतःच खरी ठरवली आहे.

या उपकरणांची सुरुवात दुखापतींच्या संदर्भात झाली नव्हती. फिनलंडमधील पोलर या कंपनीने १९८२ मध्ये हृदयाचे ठोके बिनतारी पद्धतीने मोजणारे साधन बाजारात आणले. उपग्रहाच्या साहाय्याने अंतर व वेग दाखवणारी गार्मिनची फोररनर घड्याळे २००३ मध्ये आली, तर बुटात बसवण्याचा नायके आणि ॲपलचा संवेदक २००६ मध्ये आला. पुढे त्वरणमापक स्वस्त आणि लहान झाले. दर मिनिटाला पडणारी पावले, पाऊल जमिनीवर टेकून राहण्याचा काळ, शरीराची वर-खाली होणारी हालचाल आणि नडगीला बसणारा हादरा असे आकडे सामान्य धावपटूलाही मिळू लागले. या आकड्यांपैकी हादऱ्याकडे सर्वांचे लक्ष अधिक गेले. पाऊल जितके जोरात आपटेल तितकी हाडाची हानी अधिक, हा तर्क सहज पटण्याजोगा आहे.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या तर्काला धक्का दिला. निरनिराळ्या वेगाने आणि चढ-उतारांवर धावणाऱ्यांच्या पायाखालील बल आणि नडगीच्या हाडावरील भार यांची त्यांनी तुलना केली. या दोहोंचा परस्परसंबंध बहुतांश बाबतीत क्षीण आढळला; काही ठिकाणी तर तो उलट होता. याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. पाऊल टेकताच बसणारा हादरा क्षणार्धात ओसरतो. हाडावरील सर्वाधिक भार त्यानंतर, पाऊल पूर्ण टेकलेले असताना येतो आणि त्यातील मोठा वाटा पोटरीच्या स्नायूंच्या ओढीचा असतो. नडगीवर बांधलेल्या संवेदकाला ही ओढ कळत नाही. याच गटाने २०२० मध्ये बुटातील दाबमापक तळ आणि हालचालींचे संवेदक यांची माहिती एकत्र करून हाडावरील भाराचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली.

तथापि, हादऱ्याचा आकडा अगदीच निरुपयोगी आहे असेही म्हणता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगमधील एका चाचणीत ३२० नवख्या धावपटूंचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाला पायाखालील बल पडद्यावर पाहत हळुवार पाऊल टाकण्याचे दोन आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. पुढील वर्षभरात प्रशिक्षित गटातील १६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३८ टक्के धावपटूंना दुखापत झाली. मात्र तळपाय आणि गुडघ्याच्या तक्रारी कमी झाल्या, तरी प्रशिक्षित गटात पोटरी आणि टाचेमागील कंडरेच्या दुखापती अधिक दिसल्या. भार नाहीसा न होता दुसऱ्या अवयवाकडे सरकला, असा याचा अर्थ लावता येतो. शिवाय ही चाचणी प्रयोगशाळेतील बलमापक ट्रेडमिलवर झाली होती, मनगटावरील घड्याळावर नव्हे.

घड्याळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची माहिती २०२५ मध्ये पुढे आली. डेन्मार्कमधील ऑर्हस विद्यापीठाच्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली ८७ देशांतील ५,२०५ धावपटूंच्या घड्याळांमधील नोंदी १८ महिने तपासण्यात आल्या. या काळात सुमारे ३५ टक्के जणांना दुखापत झाली. आदल्या आठवड्यांच्या तुलनेत चालू आठवड्याचे अंतर किती वाढले, या अनेक घड्याळांच्या सूचनांमागील हिशेबावरून मात्र दुखापतीचा धोका ओळखता आला नाही. धोका दिसला तो एकाच फेरीच्या अंतरात. मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा त्या दिवशीची धाव १० ते ३० टक्क्यांनी अधिक असेल, तर दुखापतीचे प्रमाण ६४ टक्क्यांनी जास्त होते. अंतर दुपटीहून अधिक झाल्यास ते दुपटीच्याही पुढे गेले. म्हणजे महिनाभरात १० किलोमीटरहून अधिक न धावलेल्या व्यक्तीसाठी ११ किलोमीटर ही मर्यादा ठरते. या अभ्यासात सहभागी झालेले बहुसंख्य पुरुष आणि मध्यमवयीन होते, तसेच दुखापतीची नोंद त्यांनी स्वतःच केली होती. त्यामुळे तरुण मुलींना किंवा शाळकरी खेळाडूंना हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. मर्यादा पाळल्याने दुखापती घटतात, हेही या निरीक्षणात्मक अभ्यासाने सिद्ध होत नाही.

भारतात हा प्रश्न शर्यतींच्या हंगामाशी निगडित आहे. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन आता जानेवारीत असते. पावसाळ्यात खंडित झालेला सराव भरून काढण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रविवारची लांब धाव एकाएकी वाढवली जाते. आठवड्याची बेरीज बेताची असल्यास घड्याळ अशा वेळी कोणताही इशारा देत नाही. महिन्यातील सर्वांत लांब धावेची नोंद मात्र साध्यातल्या साध्या घड्याळातही सापडते आणि ती वहीत लिहून ठेवली तरी चालते.

नडगीवर बोटभर जागेत दाबल्यावर दुखणे आणि धावताना वेदना वाढत जाणे हे हाडाला तडा गेल्याचे लक्षण असू शकते. ते कोणत्याही घड्याळात उमटत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा क्ष-किरण चित्रातही अनेकदा दिसत नाही. अशा वेळी धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो आणि निदानासाठी एमआरआय तपासणी करावी लागते.