गंगेचा गाळ आणि मागचा शॉकअप

दशाश्वमेध घाटावर मराठी माणसाला उगाचच घरच्यासारखं वाटत नाही. 1748 च्या सुमारास बाळाजी बाजीराव पेशव्यांनी तो बांधला आणि 1774 मध्ये अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधून घेतला, असं इथे सांगतात. पण नुसतं बांधून घाट टिकत नाही. पूर आला की पायऱ्या बुडतात (1978 साली पाणी 73.901 मीटरवर गेलं होतं, धोक्याची पातळी 71.262), आणि ओसरताना गंगा गाळाचा जाड थर मागे ठेवते. तो ओला असतानाच पंपाच्या फवाऱ्याने परत नदीत ढकलावा लागतो. वाळला की मग फावडं.

छावणीतली आमची सायकलवाली पोरं पलीकडच्या रेतीत जातात आणि चिखलाने माखून येतात. मग तोच घाटाचा फवारा सायकलीवर! दगडाला तो मानवतो, शॉकअपला नाही.

कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. 21 ऑक्टोबर 1976 ला कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडल्या. त्या उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि हबमध्ये पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे या खेळाचं बारसंच देखभालीवरून झालं! नव्वदीच्या दशकात मागचा शॉकअप रुळला आणि एक गुळगुळीत दांडा थेट मागच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात आला.

त्याची राखण करतं ते रबर. आतली गोल रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, ही डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स ख्रिस्तेन्सेन यांची. 1937 मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा ते 72 वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ते पेटंट युद्धाची गरज म्हणून ताब्यात घेतलं आणि इतर कारखान्यांना उत्पादनाची मुभा दिली. फौजेने उचललेली चीज म्हणून मला तिचं जरा जास्तच कौतुक.

कडीच्या बाहेर धूळ पुसणाऱ्या सीलचा पातळ ओठ असतो. जोराचं पाणी तो ओठ उचलतं आणि गाळ आत ढकलतं. गंगेच्या गाळात गारगोटीचे बारीक कण असतात. ते ओठात रुतले की प्रत्येक दणक्याला दांड्यावर पॉलिशपेपर फिरतो.

म्हणून बादलीतलं पाणी, मऊ फडकं, आणि चिखल ओला असतानाच. फडकं रायफलीच्या चिंदीइतकंच स्वच्छ हवं. कापडी वेष्टण मला पसंत नाही, चिखल आत शिरला की तिथेच राहतो. त्यापेक्षा जुन्या ट्यूबची पट्टी चाक आणि शॉकअपच्या मधे बांधावी. शॉकअप दबल्यावर ती कुठे घासत नाही ना, एवढं बघावं. रॉकशॉक्स कंपनी दर 50 तासांच्या वापरानंतर हवेची नळी उघडून साफ करायला सांगते. रेतीत फिरणाऱ्याने त्याआधीच उघडावी.

दांड्यावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर नुसतं सील बदलून भागत नाही, चरा नवं सीलही कापतो आणि हवा उताराच्या मध्यावर जाते. इथे बनारसमध्ये दुकान तरी शोधता येतं. पुढची पोस्टिंग डोंगरात असेल त्याने सीलचा एक जोड ट्रंकेत टाकूनच निघावं.