तोंडी नकाशा

गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण कावसजी दावरांपासून आरंभ करतो. 1854 साली त्यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 साली तिची चाके फिरू लागली. पण पुढे या मुंबईत जी हजारो कोकणी पोरे आली, त्यांना परक्या शहरात गिरणीचे दार दाखवले कोणी? खरा इतिहास मला तिथे दिसतो.

1921 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांवर होते. पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. त्यांची शाळा म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेला गाळा. पाळीपाळीने तिथे निजणारी माणसे नवख्याला सारे शिकवीत. कोणत्या खात्यात माणूस हवा आहे, कोणती खानावळवाली पगारापर्यंत थांबते, मनिऑर्डर कशी करायची! 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. गाळ्यात एकाला लिहिता आले की सगळ्यांची खुशाली गावी पोचे, आणि धाकट्याला धाडून देण्याचा निरोपही त्याच कार्डावरून जाई.

नोकरीची किल्ली मात्र जॉबरच्या कमरेला असे. माणसे घेणारा तोच. जॉबर गाववाला निघाला तर ती पूर्वपुण्याई. मात्र तिलाही दस्तुरी मोजावी लागे.

आणि ज्यांची ओळख त्या दारापर्यंत पोचतच नव्हती, त्यांचे काय? विणकामखात्यात मजुरी बरी होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य मानलेल्यांना तिथे मज्जाव असे. जागा रिकामी असल्याचे कळले, तरी त्या कळण्याचा उपयोग काय? 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच अन्याय चव्हाट्यावर आणला. 1935 पासून गिरण्या बदली कामगारांना कार्डे देऊ लागल्या. जॉबरची मूठ सैल करावी, हा त्यामागचा हेतू.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. आजचा नवखा खिशात मोबाइल घेऊन दादरला उतरतो. तरी पहिला फोन तो गाववाल्यालाच लावतो. माणसाने माणसाला वाट दाखवावी, यासारखी गोड गोष्ट नाही. पण ज्याला फोन लावायला कोणी नाही, त्यालाही वाट सापडावी. शहराचे मोठेपण मी तरी एवढ्यावरून मोजतो.