साबण न होणारा मेद

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले गाव. हा सगळा मुलूख तळ्यांचा आणि धानाचा. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी-जवस टाकायची इकडे जुनी रीत आहे, त्यामुळे जवसाचे तेल लोकांच्या ओळखीचे. थंडीच्या दिवसांत सकाळी पाहावे तर खोबरेल बाटलीत गोठून बसलेले असते, तूपही घट्ट झालेले असते. जवसाचे तेल मात्र धारेने ओतता येते. तीन बाटल्या वर्गात नेल्या तर हे दाखवायला दोन मिनिटे पुरतात. खोबरेल आणि तूप यांतील मेदाम्लांचा मोठा भाग संतृप्त असतो. ते रेणू सरळ काटक्यांसारखे असल्याने मोळीत घट्ट बसतात. जवसातील मेदाम्लांत दुहेरी बंध असतात, त्या प्रत्येक बंधापाशी रेणू वाकतो, आणि वाकड्या काटक्यांची मोळी सैलच राहते.

तळ्याच्या गाळातील जिवाणूलाही हाच हिशेब सांभाळावा लागतो. त्याच्याभोवतीचे पटल मुख्यतः फॉस्फोलिपिडांचे आणि प्रथिनांचे असते. फॉस्फोलिपिडाच्या रेणूला पाण्याकडे ओढ घेणारे फॉस्फेटयुक्त डोके आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या दोन मेदाम्ल-शेपट्या असतात. अशा रेणूंचे दोन थर शेपट्या आत करून बसले की पटल तयार होते. हे दुहेरी थराचे चित्र १९२५ साली हॉलंडमधील गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींवरून काढले. त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. पेशींतला सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले!

जिवाणूला मायटोकॉन्ड्रिया नसतात. त्यामुळे आपल्या पेशीत जे काम मायटोकॉन्ड्रियाचे पटल करते, ते त्याच्याकडे बाहेरचे पटलच करते. १९६१ साली पीटर मिचेल यांनी मांडले की श्वसनातून मिळणारी ऊर्जा पटलाबाहेर प्रोटॉन ढकलण्यात खर्च होते, आणि ते प्रोटॉन परत आत येताना पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, तयार होते. धरणात पाणी अडवून चाक फिरवण्यासारखेच हे आहे. पटल गोठले तर त्यातील प्रथिने हलेनाशी होतात. फार पातळ झाले तर धरण गळते.

मग थंडीत जिवाणू काय करतो? १९६२ साली मार आणि इंग्रॅहम यांनी अमेरिकेत ई. कोलाय जिवाणू वेगवेगळ्या तापमानांना वाढवून त्यांची मेदाम्ले मोजली. तापमान जितके कमी, तितकी असंतृप्त मेदाम्ले जास्त. थोडक्यात, जिवाणू थंडीत खोबरेलाकडून जवसाकडे सरकतो. १९७४ साली सिनेन्स्की यांनी दाखवले की अशा फेरबदलामुळे, जिवाणू ज्या तापमानाला वाढतो त्या तापमानाला त्याच्या पटलाचा पातळपणा जवळजवळ सारखाच राहतो.

त्याच १९६२ साली कॅनडात ओटावा येथे दुसरे एक काम प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला ते जास्त मोलाचे वाटते. ते करणारे तिघे होते: मॉरिस केट्स, गिबन्स आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल. (हेच सेहगल पुढे रॅपामायसिन या औषधावरील कामामुळे नावाजले गेले.) त्यांचा जिवाणू मिठात राहणारा, खारवलेल्या कातड्यावर लाल डाग पाडणारा होता. त्याचे फॉस्फोलिपिड तपासायचे म्हणजे आधी ते फोडायचे. मेदाम्ल ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेले असते आणि क्षाराबरोबर तापवले की तो बंध तुटतो. तेलाचा साबण होतो तो असाच. पण या जिवाणूचा मेद काही साबण व्हायला तयार नव्हता. त्यातून मेदाम्ले जवळजवळ निघालीच नाहीत. पुढच्या काही वर्षांत उलगडा झाला. त्यात मेदाम्ले नव्हतीच. त्यांच्या जागी फांद्या असलेल्या लांब साखळ्या होत्या आणि त्या ग्लिसरॉलला एस्टरऐवजी चिवट ईथर बंधाने जोडलेल्या होत्या.

या मेदाचे आपल्याजवळचे ठिकाण म्हणजे विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. त्याचे पाणी खारट आणि सामू १०च्या आसपास. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून रंगाचे कारण सांगितले: मिठात वाढणारे आर्किया. केट्स यांच्या लाल जिवाणूचेच हे भाऊबंद.

इथे एक मोह होतो. लोणारचे पाणी क्षारयुक्त, क्षार एस्टर बंध तोडतो, म्हणून तिथल्या जिवाने ईथर बंध घेतला, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. वर्गात हे छान सांगता येईल, पण ते बरोबर नाही. एरवी लोणारचे पाणी हिरवे दिसते ते नील-हरित जिवाणूंमुळे, आणि त्यांचे मेद साधे एस्टर बंधाचेच असतात. तिथल्या पाण्यातला क्षार जिवंत पेशीच्या पटलाचा साबण करत नाही.

उलट्या बाजूचा पुरावा तर सानगडीतच आहे. १९७७ साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून दाखवले की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंपासून फार दूरचे आहेत. पुढे दोन वर्षांत त्यांच्याही पटलात ईथर बंधाचे मेद सापडले. मिठातले, उकळत्या आम्लातले आणि मिथेनवाले हे सगळे एका कुळात, आर्कियांत, जमा झाले. जिवाणू म्हणून पडलेले त्यांचे जुने नाव तेवढे मागे राहिले. आता मिथेनवाले राहतात कुठे? गोबरगॅसच्या टाकीत आणि पाणी साचलेल्या धानाच्या बांधीच्या चिखलात. तिथे ना मीठ, ना क्षार, ना उकळते पाणी.

मग ईथर बंधाचा आणि फांदीदार साखळ्यांचा उपयोग काय? आम्हाला पटणारे उत्तर डेव्हिड व्हॅलेंटाइन यांनी २००७ साली मांडले. अशा पटलातून आयन कमी झिरपतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन करणाऱ्याची मिळकत अगदी तुटपुंजी असते. त्याचे धरण गळू लागले तर एटीपी करायला काही उरत नाही. लोणारच्या गुलाबी आर्कियाला बाहेरचा सोडियम सतत बाहेरच ठेवावा लागतो. तिथेही गळती म्हणजे ऊर्जेचा तोटा. दोघांची संकटे वेगळी दिसतात, पण जमाखर्चाची अडचण एकच आहे. ही मांडणी सगळ्यांना मान्य आहे असे नाही. मात्र बांधीत पाय टाकल्यावर चिखलातून जे बुडबुडे वर येतात त्यांतला मिथेन ज्यांनी तयार केला, त्यांच्या पटलात साबण न होणारा हाच मेद आहे.