लोखंडाचें मोल

नाहूर स्थानकावर गाडीची वाट पाहत उभें असतां आपल्या दृष्टीस काय काय पडतें? पूल लोखंडाचा, रूळ लोखंडाचे, भोंवतालीं चढणाऱ्या इमारतींच्या सळयाही लोखंडाच्या. हें लोखंड कोणत्या डोंगरांतून निघतें, असें आपण सहसा विचारीत नाहीं. अशाच एका डोंगराची हकीगत आज सांगावयाची आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत सुरजागड आहे. त्याच्या पोटांत उत्तम लोहखनिज आहे, आणि तेथेंच माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचें ठाणें आहे. दर जानेवारींत आसपासचीं गांवें तेथें यात्रेस जमतात. याच मुलुखांतील बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले आणि ऑक्टोबर १८५८ मध्यें चांद्यास फांशीं गेले.

२००७ सालीं या डोंगरावरील सुमारें ३४८ हेक्टर भूमि एका खासगी कंपनीस खाणीसाठीं पट्ट्यानें मिळाली. १९९६ च्या पेसा कायद्यानें व २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस अधिकार दिले होते. तरी आमची संमति कोणीं घेतली नाहीं, असें ग्रामसभांचें गाऱ्हाणें आहे. माओवाद्यांनींही खाणीस विरोध केला, पण तो शस्त्रानें. जून २०१३ मध्यें त्यांनीं कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघांचे प्राण घेतले. डिसेंबर २०१६ मध्यें खनिज वाहणाऱ्या साठांहून अधिक मालमोटारी जाळल्या. मग पोलिसांचीं ठाणीं वाढलीं. या ओढाताणींत गांवकऱ्याची मात्र कोंडी झाली. खाण नको म्हणावें तर माओवादी ठरण्याची भीति, खाणीवर कामास जावें तर खबऱ्या ठरण्याची!

२०२१ पासून खाण जोमानें सुरू झाली. २०२३ मध्यें वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. कित्येकांस रोजगार मिळाला, हें खरें. पण शेतांत लाल गाळ शिरल्याच्या आणि मालमोटारींखालीं माणसें दगावल्याच्या तक्रारीही आल्या.

मध्य आफ्रिकेंतील काँगो देशाची कथा याहून भीषण आहे. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो बेल्जमच्या लिओपोल्ड राजाची जणूं खासगी मालमत्ता होता; रबरासाठीं तेथें माणसें अक्षरशः पिळलीं गेलीं. अलीकडे आपल्या खिशांतील फोनला लागणारें टँटलम तेथें निघतें, आणि त्या खनिजावर सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात. सुरजागड म्हणजे काँगो नव्हे. साम्य एवढेंच कीं, धन ज्याच्या पायाखालीं, त्याचाच शब्द शेवटीं ऐकला जातो.

याला दुसरी वाट नाहीं असें नव्हे. याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवास २००९ मध्यें आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि गांवानें तो एकविचारानें चालवून दाखविला. ऑक्टोबर २०२५ मध्यें माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलींत शरण आला. आतां बंदुकीची सबब उरत चालली नाहीं. तेव्हां डोंगराखालच्या माणसास मोकळ्या मनानें विचारावें, आणि तो ‘नाहीं’ म्हणाला तर तें शांतपणें ऐकून घ्यावें. लोखंडाचें खरें मोल तराजूवर ठरत नाहीं. तें या एका प्रश्नावर ठरतें.