थर-पारकर (तळटीप)

१४. थर-पारकर : सिंधचा आग्नेय, बहुतांश वाळवंटी जिल्हा. पूर्वी त्यात मोडणारे उमरकोट हे अकबराचे जन्मस्थान (१५४२). ब्रिटिश सेनापती नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाला. म्हणजे या वाळूच्या टेकड्यांचा कारभार, निदान कागदोपत्री, जवळजवळ नव्वद वर्षे मुंबईहून चाले. पारकरात १८५९ मध्ये उठाव झाला. तो मोडून काढल्यावर त्याचा एक नेता रूपलो कोळी फासावर गेला. मुंबईशी असलेल्या या नात्यातूनच मराठी माणसे सिंधेत नोकरीला गेली. कराचीच्या प्रसिद्ध एन. जे. व्ही. शाळेला ज्यांचे नाव आहे ते शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य त्यांतलेच. लेखक पिंपरी कॅम्पातल्या सिंधी निर्वासितांना सरसकट ‘परप्रांतीय’ म्हणतो, ते पटत नाही: १९४७ मध्ये पस्तिशीत असलेल्या सिंधी माणसाचा जन्म मुंबई इलाख्यातलाच. मात्र त्या सर्वांना ‘वाळवंटातून आलेले’ म्हणणेही चूक. फाळणीनंतर इकडे आले ते मुख्यतः शहरांतले व्यापारी आणि नोकरदार. थरमधले कोळी, मेघवाड बहुतांशी मागेच राहिले. (संपा.)