बनेश्वरची घंटा आणि तिचे छायाचित्र

१/ नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर क्रूस असून १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठी मुलखातील देवळांत ज्या घंटा आल्या, त्यांपैकी ही एक. ते आकडे आजही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात.

२/ तिचे मोबाईलवर टिपलेले छायाचित्र मात्र वीस वर्षांनी उघडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

३/ इंग्लंडमधील जमीनपाहणीचे 'डूम्सडे बुक' १०८६ सालचे, चर्मपत्रावरचे. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने नवी पाहणी लेझर डिस्कवर काढली. वीस वर्षे होण्याआधीच ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. जुना ग्रंथ तेव्हाही वाचता येत होता.

४/ हे दूरचे वाटत असल्यास युनिकोडपूर्व काळातील एखादी मराठी फाइल उघडून पाहावी. तेव्हाच्या फाँटमध्ये जुळवलेली गावची स्मरणिका, तो फाँट नसलेल्या संगणकावर, रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन समोर येते. मोडीचे असेच झाले: कागद टिकले, वाचणारे सरले. अशी फाइल युनिकोडमध्ये आणावी, पीडीएफ प्रतही काढावी; मूळ फाइल मात्र टाकू नये.

५/ आता घंटेचे छायाचित्र. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले नको. तेथे ते आकुंचन पावते आणि टिपल्याची तारीख व स्थळ गळून जाते. मूळ फाइल फोनमधून थेट उतरवावी. नावात वर्ष-महिना-दिवस, गाव, वास्तू व क्रमांक असावा. शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल: कोणी टिपले, घंटेची कोणती बाजू, काय वाचता आले, कोठे शंका राहिली. बहुतेक जण नेमके हेच टाळतात, आणि पुढच्या अभ्यासकाला नेमके हेच हवे असते.

६/ मग तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. लॅपटॉपवर एक, बाह्य हार्डडिस्कवर दुसरी, तिसरी पुण्यातील आप्तांकडे. पोथ्याही अशाच तरल्या. एका घरची जळाली तरी दुसऱ्या गावची नक्कल उरे. फोनचे आपोआप होणारे सिंक ही प्रत मानू नये. फोनमधून पुसले की तेथूनही बहुधा पुसले जाते.

७/ वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला म्हणा, सर्व प्रती उघडून पाहाव्यात. फाइलचा चेकसम आधी नोंदवून ठेवला असेल, तर एक बिट बदललेला असला तरी कळते. डिस्क जुनी झाली की बिघडण्याची वाट न पाहता नवी घ्यावी, आणि नवीवरची प्रत तपासल्याखेरीज जुनी पुसू नये.