अल्पसंख्याक शाळा आणि आरटीई: हक्क कोणाचा, नियम कोणाचे?

मुलाला कोणत्या शाळेत घालायचं? उर्दू माध्यम की इंग्रजी, समाजाच्या संस्थेची शाळा की महापालिकेची? हा प्रश्न आपल्या घराघरांत दरवर्षी येतो. म्हणून शाळा चालवणाऱ्यांचा हक्क कुठपर्यंत आणि सरकारचे नियम कुठून सुरू होतात, हे समजून घेऊ.

राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा मूलभूत हक्क आहे. मात्र हा हक्क गैरकारभारासाठी नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ सालीच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगितलं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई, लागू झाला. शिक्षकांची संख्या व पात्रता, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांचा किमान दर्जा त्याने ठरवला. विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये विनाअनुदानित आणि २०१४ मध्ये अनुदानित अल्पसंख्याक शाळाही या कायद्यातून वगळल्या.

१ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली. अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांना टीईटी सक्तीची करता येते का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी त्यांनी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

सूट असली तरी सगळंच मोकळं नाही. राज्य मंडळाच्या उर्दू शाळांत बालभारतीचीच उर्दू पुस्तकं असतात, दहावीची परीक्षाही मंडळाचीच. २०२० च्या कायद्याने मराठी विषयही राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीचा केला.

या सुटीची किंमतही आहे. २५ टक्क्यांचं बंधन नसल्याने आरटीईच्या मोफत जागा अल्पसंख्याक शाळांत मिळत नाहीत. इतर खासगी शाळांत मात्र वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुस्लिम कुटुंबांनाही अर्ज करता येतो. ही संधी सोडू नका.

आम्हाला वाटतं, शाळा चालवण्याचा हक्क आपल्याच हातात राहिला पाहिजे. पण कायद्याने सूट दिली म्हणून दर्जाला सूट मिळत नाही. दाखला घेताना शिक्षक किती, त्यांची पात्रता काय, विज्ञानाची प्रयोगशाळा आहे का, हे पालकांनी बिनधास्त विचारावं. हक्क संस्थेचा असला, तरी शिकायचं आपल्या मुलांना आहे.